शेवंतीची झोप

डिचोलीचा बाजार बुधवारचा. त्या बुधवारी सगुणने सुके बांगडे घेतले, कांदे घेतले, आणि बसस्टँडच्या मागे विजेच्या सामानाचं दुकान आहे तिथे जाऊन नऊ वॅटचे आठ एलईडी बल्ब मागितले. खास असं काही नाही, आपण घरात लावतो तेच साधे. चार पांढऱ्या उजेडाचे, चार पिवळसर.

"आठ?" दुकानदार म्हणाला. "सगुणबाब, तुझा फ्लॅट दोन खोल्यांचा. चवथीला अजून दोन महिने आहेत. आत्तापासून रोषणाई करतोस की काय?"

"झाडांना लावायचे आहेत."

"झाडांना?"

"घरात ऊन येत नाय. मग काय करणार."

दुकानदाराने त्याच्याकडे एकदा नीट बघून घेतलं. बायको गेल्यावर माणूस थोडा इकडचा तिकडे होतो, हे त्यालाही ठाऊक होतं. पुढे काही न विचारता त्याने एकेक बल्ब होल्डरला लावून पेटवून दाखवला आणि पिशवीत घातला.

आता, सगुण काही वेडाबिडा झाला नव्हता. एकतीस वर्षं खाणीवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला माणूस. विजेचं म्हणाल तर तो डोळे मिटून सांगेल. ऊन नसेल तर साध्या बल्बावरही रोप वाढतं, फक्त बल्ब जवळ हवा, वीतभर अंतरावर, आणि पुष्कळ वेळ पेटता हवा, हे त्याने फोनवर बघून ठेवलं होतं. महागडे जांभळे दिवे कशाला लागतात, असं त्याचं म्हणणं. आणि ते खरंच होतं.

झाडं होती शेवंतीची. म्हणजे मुळात एकच कुंडी. त्याच्या बायकोची, रुक्मिणीची. ती दोडामार्गाकडची. माहेराहून येताना पदराच्या टोकात ओल्या फडक्यात गुंडाळून तिने शेवंतीचं एक मूळ आणलं होतं, असं ती सगळ्यांना सांगायची. बारीक पिवळी फुलं, मध्ये किंचित तांबूस. तीस वर्षं ती शेवंती गावच्या अंगणात फुलली. रुक्मिणी तिची फाती करायची. फाती म्हणजे केळीच्या सोपाचा दोरा काढून त्यात फुलाला फूल बांधत केलेली वेणी. देवीला एक आणि स्वतःच्या केसांत एक. मग तिचं दुखणं निघालं, इस्पितळ जवळ हवं म्हणून दोघं डिचोलीत तळमजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आली, आणि येताना तिने एवढी एकच कुंडी मागून घेतली. फ्लॅटच्या तिन्ही बाजूंना बिल्डिंगी. ऊन म्हणून जे येतं ते समोरच्या काचेवरून परतून आलेलं.

रुक्मिणीला जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. कुंडीत तीन काटक्या आणि पाच पानं उरली होती. आणि मुलीचं, क्षमाचं, लग्न ठरलं होतं. जानेवारीअखेर, माघात. जाण्याआधी लग्नाबद्दल रुक्मिणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बोलली होती. "माझ्या चेडवाच्या केसांत माझी शेवती होई. बाजारातली नको." सगुणने हो म्हटलं होतं. तिला त्याने दिलेला तो एकच शब्द होता जो अजून पाळता येण्यासारखा होता. तिने मागितलेलं बाकीचं काय राहून गेलं ते पुढे येईलच.

तर त्याने आतल्या खोलीत फळी टांगली, फळीला आठ होल्डर मारले, बल्बांची प्लास्टिकची टोपणं काढून टाकली म्हणजे उजेड थेट पडेल, मागे स्वयंपाकघरातला चंदेरी कागद डकवला. त्या तीन काटक्यांची बारा कलमं केली आणि डब्याडुब्यांत लावली. ही आतली खोली रुक्मिणीची. ती याच खोलीत गेली. खाट काढून टाकली होती, पण कोपऱ्यात तिची वेताची खुर्ची तशीच होती. ज्यावर बसून ती फाती करायची, ती.

कलमं जगली. बाराच्या बारा. पहाटे पाचला तो दिवे लावायचा आणि निजायला जाताना, दहाला, बंद करून मागे न बघता दार ओढून घ्यायचा. पानं काळसर हिरवी झाली, खोडं बोटाएवढी झाली.

"पपा, हे जंगल झालं," क्षमा म्हणायची. ती पणजीला नोकरीला, सकाळच्या बसने जायची, साडेसातला परत यायची. "फुलं कधी?"

"येतील. उजेड आहे, पाणी आहे, शेण आहे. आणखी काय लागतं?"

उजेड आहे तर काम झालंच पाहिजे, हे सगुणच्या हाडात भिनलेलं होतं. खाणीवर तीन पाळ्या चालायच्या. मधल्या खड्ड्यावर त्याने स्वतः बसवलेले मोठे दिवे रात्रभर पेटलेले असायचे, एवढे की खांबाजवळच्या झाडावरचे कावळे मध्यरात्री उठून ओरडायचे. पोरं हसायची, सगुणही हसायचा. पुढे त्या झाडावर कावळे बसेनासे झाले. त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

रुक्मिणीला वाटायचं. दिवेलागणीनंतर ती कोणाला झाडाला हात लावू द्यायची नाही. कढीलिंबाचं पान राहिलं तर राहिलं, आमटी तशीच. तिनसांज झाली की अंगणातल्या कुंड्यांवरून एकदा हात फिरवायची आणि म्हणायची, "झोपा आता." सगुण चेष्टा करायचा. "खाणीवर ये एकदा, तिथली झाडं तिसरी पाळी करतात." ती आत जाऊन देवाकडे दिवा लावायची.

गणपतीची चवथ झाली. विसर्जन होऊन घर पुन्हा रिकामं झालं. त्यानंतरच्या सोमवारी सगुण दूध घेऊन आला तेव्हा आतली खोली काळोखात होती.

वीज गेली असेल म्हणून त्याने स्वयंपाकघरात बघितलं. फ्रिज चालू होता. मग बोर्डापाशी गेला. खटका बंद होता. पांढऱ्या खटक्यावर मातीचा एक ओला डाग होता, बोटाएवढा. आपणच सकाळी पाणी घालताना हात लावला असेल, असं म्हणून त्याने डाग पुसला, खटका चालू केला. सात वाजायला आले होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेळ तीच, तिनसांज. बाहेर अंधारून येतं आणि समोरच्या देवळात घंटा वाजते ती वेळ.

दुसरा कोणी असता तर घाबरला असता. सगुण इलेक्ट्रिशियन होता, त्याने बोर्ड खोलला. फेज बघितला, न्यूट्रल बघितला. खटक्यातली स्प्रिंग सैल असेल म्हणून खटका नवा बसवला. नवा खटकाही संध्याकाळी बंद. मग त्याने खटका चालू ठेवून त्यावर काळी इन्सुलेशन टेप आडवी-उभी मारली आणि मुद्दाम बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसला. घंटा वाजली. त्याने मागे वळून बघितलं नाही. तरी खोलीतून येणारा उजेडाचा पट्टा त्याच्या पायाशी पडलेला होता तो गेला, हे त्याला कळलंच.

टेप फाटलेली नव्हती. सोडवून, चिकट बाजू आत घेऊन, घडी घालून बोर्डावर ठेवली होती. आणि वर मातीचा डाग.

सगुण त्या घडीकडे बराच वेळ बघत राहिला. मिठाईच्या खोक्यावरची टेप अशीच काढून, अशीच घडी घालून रुक्मिणी फ्रिजवर ठेवून द्यायची. पुन्हा लागेल म्हणून. लागायची कधीच नाही. तिच्यामागून फ्रिज पुसताना त्याने अशा सात-आठ घड्या काढून टाकल्या होत्या.

त्याला थंडी वाजली हे त्याने कबूल केलं नसतं. पण त्याने दिवे पुन्हा लावले आणि त्या रात्री बंद केलेच नाहीत. त्या दिवसापासून दिवे चोवीस तास. तिनसांजेला कोणीतरी बंद करी, पाच मिनिटांत सगुण पुन्हा लावी. दोन महिने हे चाललं. हे भांडण आहे, आणि कोणाशी आहे, हे त्याला ठाऊक होतं. पण घरात दोनच माणसं उरल्यावर तो ते बोलणार कोणाकडे.

दिवाळी गेली, तुळशीचं लग्न झालं. बाहेर कोणाकोणाच्या दारात शेवंती कळ्यांनी भरली. सगुणच्या बारा झाडांवर कळी म्हणून नव्हती.

एका रविवारी गौरेश आला. हाच क्षमाचा होणारा नवरा. लाटंबार्सेचा, घरची शेती आणि काजू, शिवाय थोडी फुलं लावून बाजाराला घालायचा. साधा मुलगा. क्षमाने त्याला मुद्दाम आतल्या खोलीत नेलं. तो वाकून पानं बघत राहिला.

"काका, दिवे किती वेळ असतात?"

"असतात. का?"

"शेवंती काळोखात फुलते. म्हणजे रात्र मोठी झाली की तिला कळतं, आता फुलायचं. म्हणून तर ती थंडीत येते. रात्रीत मध्येच दिवा लागला तरी तिला वाटतं दिवस अजून मोठाच आहे. ती पानंच काढत बसते." तो संकोचून हसला. "दिवसा लावा, हरकत नाय. पण तिनसांजेला बंद करून सकाळपर्यंत पूर्ण काळोख हवा. आजपासून केलं तर आठ-नऊ आठवड्यांत फुलं मिळतील. जानेवारीचं गाठायचं तर आता दिवस घालवून चालणार नाय."

सगुणने वर बल्बांकडे बघितलं.

"आणि एक विचारू? दिवे वरती आहेत तर झाडं सरळ वर जायला हवीत. ही सगळी त्या कोपऱ्याकडे वाकलीत. त्या बाजूला जनेल होतं काय पूर्वी?"

तिघांनी बघितलं. बाराही झाडांचे शेंडे एकाच दिशेला झुकले होते. त्या कोपऱ्यात खिडकी नव्हती, कधीच नव्हती. भिंत होती आणि वेताची खुर्ची होती.

"कुंड्या फिरवत जा," गौरेश म्हणाला, आणि चहाला बाहेर गेला.

तो गेल्यावर क्षमा म्हणाली, "आज दिवे बंद करूया."

"बघू."

"बघू काय? त्याने सांगितलं ते ऐकलं ना? आईचीच इच्छा होती ना ही?"

"त्या खोलीत काळोख नको, क्षमा."

ती त्याच्या शेजारी येऊन बसली. मग अगदी हळू आवाजात बोलली. "मी बाहेर कॉटवर होते, पपा. मला सगळं ऐकू यायचं."

इथे मला ते सांगावं लागतं, जे सगुणने कोणाला सांगितलं नव्हतं. शेवटचे अकरा दिवस रुक्मिणी त्या खोलीत पडून होती आणि वर ट्यूब पेटलेली होती. दिवसा पेटलेली, रात्री पेटलेली. ती म्हणायची, "लायट बंद करा हो. माका झोपाचा आसा." तो म्हणायचा, "थांब जरा, औषध द्यायचं आहे." औषध द्यायचं नसायचं. त्याला भीती होती. काळोख झाला तर ती त्यातून निसटून जाईल आणि आपल्याला दिसणारसुद्धा नाही, अशी. खाणीवर उजेड असेपर्यंत काम थांबत नसे, मग श्वास तरी कसा थांबेल, असलं काहीतरी त्याच्या मनाने धरलं होतं. अकरा दिवस ती मागत राहिली. शेवटी शेवटी नुसता हात वर करून बोट दाखवायची. बोर्डाकडे.

"ती उजेडातच गेली," क्षमा म्हणाली. "तिचे डोळे मी मिटले. तुमच्याकडून होत नव्हतं."

सगुण उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याच्या मनात राग नव्हता. लाज होती, आणि ती दीड वर्षं जुनी होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार. क्षमा पणजीला गेलेली. पाच वाजता पाववाला पोदेर सायकलवरून भोंगा वाजवत आला, सगुणने चार पाव घेतले, चहात एक बुडवून खाल्ला, उरलेले झाकून ठेवले. कपबशी धुतली. मग आतल्या खोलीत जाऊन स्टुलावर बसला, बोर्डाच्या अगदी जवळ, हात पुरेल एवढ्यावर. वेताच्या खुर्चीत तो बसला नाही.

आठ बल्बांचा उजेड डोळ्यांत खुपत होता. टोपणं काढलेले बल्ब, आतले ठिपके उघडे, त्यांच्याकडे बघवत नाही. बाहेर मुलांचा खेळ चालू होता तो संपला. कोणीतरी कोणाला हाक मारून घरात बोलावलं. स्कूटर आली, थांबली. हळूहळू बिल्डिंगीमधली ती फट करडी झाली, मग निळी, मग काहीच दिसेना. ओल्या मातीचा वास येत होता. शेवंतीच्या पानांचा कडवट वास येत होता. आणि या दोन्हींच्या मागे, आधी नव्हता असा, खोबरेल तेलाचा. ती लावायची तसा, किंचित कोमट केलेल्या तेलाचा.

देवळात घंटा वाजली.

सगुणची नजर खटक्यावरून हलली नाही. त्याला वाटलं होतं की खट्‌ होईल आणि काळोख होईल. तसं झालं नाही. खटका हलला, अगदी हळू, म्हाताऱ्या माणसाने दाबावा तसा, आणि अर्ध्यावर येऊन थांबला. अर्ध्यावरचा खटका चरचरतो, आत ठिणगी पडत असते. हे चरचरणं सगुणने हजारदा ऐकलेलं होतं. बल्ब फडफडू लागले. पानांच्या सावल्या भिंतीवर थरथरू लागल्या.

खटका पुढे जाईना आणि मागेही येईना.

रोज तिने तो आपणहून बंद केला होता. आज समोर तो बसलेला होता. आणि ती थांबली होती. त्याला कळलं, ती विचारते आहे. अकरा दिवस विचारलं तसंच.

"रुक्मिणी..." तो म्हणाला. "मला भ्या वाटत होतं गो... म्हणून मी..."

खोलीत फक्त चरचर.

सगुणने हात पुढे केला. बोट खटक्यावर ठेवलं. बोटाला ओली माती लागली, गार. आणि त्या मातीखाली, खटक्याच्या प्लास्टिकवर, आणखी काहीतरी होतं, त्याच्या बोटाला लागून. त्याने हात मागे घेतला नाही. डोळे मिटले आणि खटका जिकडे चालला होता तिकडे नुसता लोटला.

काळोख झाला.

दीड वर्षात त्या खोलीत तो पहिल्यांदा काळोखात बसला होता. आधी काही ऐकू येईना. मग कोपऱ्यातली वेताची खुर्ची कुरकुरली, कोणी उठल्यासारखी. मग पानं सळसळली. एका टोकाच्या कुंडीपासून दुसऱ्या टोकाच्या कुंडीपर्यंत, एकामागून एक, बाराही, कोणी वरून हात फिरवत जावं तशी. खोलीत वारा नव्हता. पंखा बंद होता.

"झोप आता," सगुण म्हणाला. हे तो कोणाला म्हणाला, झाडांना की तिला, हे त्यालाही सांगता आलं नसतं. तो रडत होता.

साडेसातला क्षमा आली तेव्हा तो तिथेच होता. तिने दिवा लावला नाही. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "पपा, पाव गरम करू?"

त्या दिवसापासून दिवे सकाळी सहाला लागायचे आणि तिनसांजेला सगुण स्वतः बंद करायचा. कुंड्यांवरून हात फिरवायचा, म्हणायचा काय ते म्हणायचा. दाराच्या फटीला त्याने जुनी चादर कोंबली, बाहेरचा उजेडही आत नको म्हणून. खटक्यावर मातीचा डाग पुन्हा दिसला नाही. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्या कळ्या आल्या, मोहरीएवढ्या. नाताळच्या सुमाराला त्या वाटाण्याएवढ्या झाल्या. जानेवारीत बारा झाडं एवढी फुलली की खोलीत शिरल्यावर आधी पिवळा रंगच दिसायचा. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी क्षमाने फुलं काढली. फाती कशी करतात ते ती विसरली होती, हात अडखळत होते, तरी वीतभर तिने केली, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली आणि रात्री थकून झोपली.

दुसऱ्या सकाळी फाती दोन वितींची होती. उरलेली फुलं संपली होती.

"पपा, तुम्ही केली?"

"मला कुठे येते. मला वाटलं तू केलीस."

मग मेकअपवाली आली, जेवणाचा टेम्पो आला, आणि तो विषय तिथेच राहिला. क्षमाच्या केसांत ती फाती शोभली. लाटंबार्सेच्या बायकांनी विचारलं, ही कुठली शेवंती, अशी बघितली नाही. सगुणने सांगितलं, हिच्या आईची. त्याने दिलेला शब्द पुरा झाला होता. त्या दिवशी तो पोटभर जेवला.

इथे थांबता आलं असतं. पण गोष्ट इथे थांबली नाही.

क्षमा सासरी गेली. फ्लॅटमध्ये सगुण एकटा. फेब्रुवारीत फुलं सुकली, त्याने ती खुडून टाकली, झाडं कापून बारीक केली. नवे कोंब फुटले. तो सकाळी दिवे लावायचा, संध्याकाळी बंद करायचा. एकटेपणाचं त्याला फार काही वाटत नव्हतं, आश्चर्य म्हणजे. खोलीत कोणी आहे असं त्याला वाटायचं, आणि ते बरं वाटायचं.

मग एका सकाळी कोंब वाकलेले दिसले. कोपऱ्याकडे नव्हे. या वेळी बाराही शेंडे दाराकडे झुकले होते. दाराच्या पलीकडे बाहेरची खोली, आणि बाहेरच्या खोलीत दारासमोरच सगुणची खाट. त्याने कुंड्या फिरवून ठेवल्या. दुसऱ्या सकाळी पुन्हा दाराकडे. तिसऱ्या सकाळी त्याने फिरवल्या नाहीत.

त्या दिवशी संध्याकाळी त्याने आतले दिवे वेळेवर बंद केले, हात फिरवला, दार लोटलं. बाहेरच्या खोलीत येऊन खाटेवर बसला आणि डोक्यावरचा दिवा लावून पेपर उघडला. क्षमाचा फोन येऊन गेला होता. रविवारी जेवायला बोलावलं होतं, गौरेशने तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, ऑर्डर देऊन ठेवली होती. सगुणला तिसऱ्या आवडायच्या.

देवळात घंटा वाजली. त्याच्या डोक्यावरचा दिवा गेला.

पंखा फिरत होता. समोरच्या बिल्डिंगीत दिवे होते. एकतीस वर्षांची सवय म्हणाली, टेस्टर आण. सगुण उठला नाही लगेच. खोबरेल तेलाचा वास खोलीभर पसरला होता, कोमट, ओळखीचा. तो उठला, भिंतीला धरून बोर्डापाशी गेला, आणि काळोखात खटक्यावर बोट ठेवलं. ओली माती. त्याने आज कुंड्यांना पाणी घातलं नव्हतं.

"थांब जरा," तो म्हणाला. "रविवारी क्षमाकडे जायचं आहे."

या वेळी हे खोटं नव्हतं. त्याने खटका चालू केला. दिवा लागला, खोली होती तशी दिसली, खाट, पेपर, चष्म्याचं घर. त्याने बोट काढलं नाही. आणि बोटाखालीच तो खटका हलला, हळू, आणि अर्ध्यावर येऊन थांबला. डोक्यावरचा दिवा फडफडत राहिला.